मार निमित्त, गाठ जुनी



एका अस्थिशल्यविशारदाच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मी मुद्दाम असा विषय घेतला आहे, जो दवाखान्यात नेहमी समोर येतो आणि ज्याच्याबद्दल घराघरांत भीतीही आहे, गैरसमजही आहेत. मार लागतो, एक्स-रे काढला जातो, आणि त्या एक्स-रेत हाडात गाठ दिसते. बहुतेक वेळा ती साधी असते, म्हणजे कॅन्सरची नसते. तरीही इथून पुढे दोन प्रकारे नुकसान होऊ शकतं. जिला हात लावायची गरज नव्हती अशा गाठीवर घाईने शस्त्रक्रिया होते, किंवा जिच्याकडे लक्ष द्यायला हवं होतं ती ‘नुसतं फ्रॅक्चर आहे’ या समजुतीखाली प्लास्टरमध्ये झाकली जाते. माझं सगळं सांगणं एवढंच आहे: मारामुळे गाठ होत नाही, मारामुळे ती कळते, आणि ती कळली की हाड जोडायच्या आधी तिचं नाव ठरलं पाहिजे.

मारामुळे गाठ झाली का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते. मूल पलंगावरून पडलं होतं, शाळेत कुणी ढकललं होतं, सायकलवरून घसरलं होतं. त्या आठवणीला धरून घरात एकमेकांना दोष देणं सुरू होतं. त्या आईला उत्तर देताना डॉक्टरने घाई करू नये. तिला औषधाच्या चिठ्ठीइतकीच या उत्तराची गरज असते.

न्यूयॉर्कचे विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग यांनी या प्रश्नाचा कसोशीने विचार केला. मुलांमधला हाडांचा एक कॅन्सर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मार लागल्यानेच गाठ झाली असं म्हणायचं असेल, तर काय काय सिद्ध व्हायला हवं याचे निकष त्यांनी 1920च्या दशकात मांडले. मार खरोखर लागलेला असावा आणि पुरेसा जबर असावा. तो भाग त्याआधी निरोगी असल्याचं माहीत असावं. गाठ नेमकी त्याच जागी असावी. मार आणि गाठ यांच्यातलं अंतर पटण्याजोगं असावं. आणि जी गाठ झाली आहे, ती त्या जागच्या पेशींपासून होऊ शकणारी असावी. दवाखान्यात ऐकू येणाऱ्या बहुतेक हकिगती दुसऱ्याच निकषावर अडतात. एक्स-रेत दिसणारी गाठ बघता बघता कळतं, की ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तिथे आहे. कालच्या पडण्याने असं काही तयार होत नाही.

आज तर पेशींच्या आतलंही बरंच कळलं आहे. अॅन्युरिझमल बोन सिस्ट या रक्ताने भरलेल्या पोकळीच्या मुळाशी बहुतेकदा यूएसपी-6 या जनुकाची उलथापालथ असते. जायंट सेल ट्यूमरमध्ये एका हिस्टोन जनुकात ठरावीक बदल सापडतो. अंगभर अनेक हाडांना उंचवटे येतात त्या आनुवंशिक आजारात ईएक्सटी-1 किंवा ईएक्सटी-2 या जनुकात दोष असतो. यांपैकी कशालाही पडणं-झडणं जबाबदार नाही. म्हणून आईबापांना मी ठामपणे सांगतो, की तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

मग मार आणि गाठ इतक्या वेळा एकत्र का येतात? याला तीन कारणं आहेत. पहिलं, गाठीने पोखरलेलं हाड हलक्या धक्क्यानेही मोडतं. दुसरं, मार लागला की माणूस तो भाग चाचपतो आणि आधीपासूनचा उंचवटा पहिल्यांदा हाताला लागतो. तिसरं, मारासाठी काढलेल्या फोटोत गाठ योगायोगाने दिसते. दुखण्याशी तिचा संबंधही नसतो. या तिन्ही प्रसंगांत पुढची वाट वेगळी आहे. म्हणून रुग्ण कोणत्या वाटेने आला, हे आधी विचारायला हवं.

किती मार, किती मोड

वाळवीने आतून पोकळ केलेला वासा एखाद्या दिवशी साध्या ओझ्याने मोडतो. दोष त्या ओझ्याचा नसतो. हाडाचंही तसंच आहे. दहा वर्षांचा मुलगा चेंडू फेकतो आणि दंडाचं हाड खांद्याजवळ मोडतं. बाई बादली उचलते आणि करंगळीचं हाड मोडतं. तरुण माणूस पायरी उतरताना गुडघ्याजवळ कळ येऊन खाली बसतो. जेवढा मार, तेवढी मोड आहे का, हा प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं आणि त्यातून अर्धं निदान पुढे येतं. दुसरा प्रश्न असा, की मोडायच्या आधीच्या आठवड्यांत तिथे दुखत होतं का? विशेषतः रात्री झोपेतून उठवणारं दुखणं होतं का? ‘हो’ असं उत्तर आलं, तर ते फ्रॅक्चर साधं समजू नये.

मग एक्स-रे. विल्हेल्म राँटगेन यांनी 1895 मध्ये हे किरण शोधले. आज एमआरआय, सीटी असं सगळं उपलब्ध असलं तरी हाडाच्या गाठीचं पहिलं आणि पुष्कळदा सर्वांत चांगलं उत्तर साध्या फोटोतूनच मिळतं. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद विल्यम एन्नेकिंग विद्यार्थ्यांना फोटोसमोर उभं करून चार प्रश्न विचारायला शिकवत: गाठ कुठे आहे? ती हाडाला काय करते आहे? हाड तिला काय उत्तर देतं आहे? आणि तिच्या आत काय दिसतं आहे? पाचवी गोष्ट म्हणजे रुग्णाचं वय. गाठीभोवती पांढरी, रेखीव कड असेल, तर हाडाला तिला कुंपण घालायला वेळ मिळाला आहे. ती सावकाश वाढणारी आहे. कड पुसट असेल, बाहेरचं कवच फुटलं असेल, हाडावरचं आवरण उचललं जाऊन नवं हाड तयार होत असेल, तर सावध व्हावं. मात्र फ्रॅक्चर झाल्यावर हाड जुळताना आवरणाखाली नवं हाड येतंच. म्हणूनच मोड होऊन काही आठवडे उलटलेल्या फोटोपेक्षा पहिल्या दिवशीचा फोटो अधिक बोलका असतो. तो जपून ठेवावा.

साध्या फोटोची एक मर्यादाही ध्यानात ठेवू. हाडातलं 30 ते 50 टक्के खनिज गेल्याशिवाय आतली पोकळी त्यात स्पष्ट दिसत नाही. फोटो चांगला आला पण दुखणं थांबत नाही, तर फोटो पुन्हा काढावा किंवा एमआरआय करावा.

जिला हात लावू नये ती गाठ

साध्या गाठींची यादी लांबलचक आहे. मी उपचारांच्या हिशेबाने त्यांचे तीन गट करतो.

पहिल्या गटातल्या गाठींना बहुधा काहीच करायचं नसतं. नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा हे त्यातलं ठळक उदाहरण. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये ही इतकी सामान्य आहे, की तपासलं तर सुमारे तिघांतल्या एकामध्ये ती कधी ना कधी सापडू शकते. गुडघ्याजवळ, हाडाच्या एका कडेला, नक्षीदार पांढऱ्या किनारीची ही जागा असते. मुलाचा पाय मुरगळतो, फोटो काढतात, ही दिसते, आणि घरावर आभाळ कोसळतं. तिची बायॉप्सीदेखील करू नये. वाढ पूर्ण होईतो ती आपोआप हाडाने भरून येते. फार मोठी असेल आणि हाड मोडायची भीती असेल तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणजे हाडावरचा उंचवटा. साध्या गाठींमध्ये हीही पुष्कळ आढळते. हाडाचं कवच आणि आतली मज्जा सलग त्या उंचवट्यात गेलेली दिसते, त्यावरून ती ओळखता येते. ‘मार लागला तिथे हाड वाढलं’ असं लोक सांगतात ते बहुधा हिच्याबद्दल. ती मुलाबरोबर वाढते आणि मुलाची वाढ थांबली की थांबते. नस दबत असेल, सांध्याची हालचाल अडत असेल तर काढावी. मोठेपणी ती पुन्हा वाढू लागली, किंवा तिच्यावरची कूर्चेची टोपी दोन सेंटिमीटरपेक्षा जाड झाली, तर मात्र तातडीने तज्ज्ञांना दाखवावं.

आधी हाड, मग गाठ

दुसऱ्या गटात आधी फ्रॅक्चर जुळू द्यायचं आणि नंतर गाठीचा निर्णय घ्यायचा. मुलांच्या दंडात किंवा खुब्याजवळ होणारी साधी पाण्याची पोकळी, म्हणजे सिंपल बोन सिस्ट, बहुतेकदा हाड मोडल्यावरच कळते. मोडलेल्या कवचाचा एखादा तुकडा पोकळीतल्या पाण्यात तळाशी पडलेला फोटोत दिसतो, आणि तेवढ्यावरूनही निदान होतं. दंडातलं असं फ्रॅक्चर हात झोळीत ठेवून काही आठवड्यांत जुळतं. पोकळी मात्र केवळ त्यामुळे क्वचितच भरते. मग वाट पाहून, गरज पडली तर सुईने स्टिरॉइड सोडायचं, पोकळी खरवडून हाडाची भर घालायची किंवा लवचीक खिळे बसवायचे. स्टिरॉइडची पद्धत इटलीतल्या स्काल्येत्ती यांनी 1970च्या दशकात रूढ केली. खुब्याच्या मानेतली पोकळी मात्र याला अपवाद आहे. तिथे हाड वाकलं किंवा खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर मूल जन्मभर लंगडतं, म्हणून तिथे थांबत नाहीत.

हाताच्या बोटांमधली एन्कॉन्ड्रोमा ही कूर्चेची गाठ याच गटात येते. हाताच्या हाडांत सर्वांत जास्त दिसणारी गाठ हीच. बोट किरकोळ आपटून मोडतं. बोट पट्टीने स्थिर ठेवून आधी जुळवतात, मग पुरेशी मोठी असेल तर खरवडून काढतात.

वेळ न दवडण्याच्या गाठी

तिसऱ्या गटातल्या गाठी कॅन्सरच्या नाहीत, पण थांबलं तर हाडाचं फार नुकसान करतात. अॅन्युरिझमल बोन सिस्टचं वर्णन जाफे आणि लिक्टेनस्टाइन या न्यूयॉर्कच्या दोन विकृतिशास्त्रज्ञांनी 1942 मध्ये केलं. एमआरआयमध्ये तिच्या कप्प्यांत रक्ताचे थर साचलेले दिसतात. मात्र तसेच थर कॅन्सरच्या एका प्रकारातही दिसतात. म्हणून तुकडा तपासल्याशिवाय इथे पाऊल टाकू नये. ती खरवडून काढतात, किंवा शिरा सुकवणारं पॉलिडोकॅनॉल हे औषध सुईने आत सोडतात. या दुसऱ्या पद्धतीवर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या शल्यविशारदांनी महत्त्वाचं काम प्रसिद्ध केलं आहे.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही जेमतेम दीड सेंटिमीटरच्या आतली गाठ, पण रात्रभर जागवते. अॅस्पिरिनसारख्या गोळीने दुखणं लगेच थांबतं, ही तिची खूण. खेळताना लागलं असेल, असं म्हणून वर्ष वर्ष शेकण्यात जातं. बारीक कापांचा सीटी केला की ती सापडते, आणि सुईच्या टोकाने सुमारे 90 अंश सेल्सिअस उष्णता काही मिनिटं दिली की बहुतेक रुग्ण त्याच रात्री किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत शांत झोपतात.

जायंट सेल ट्यूमरवर मी जरा थांबणार आहे, कारण भारतात आणि चीनमध्ये ती पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसते आणि ती ऐन कमावत्या वयात, 20 ते 40 वर्षांत येते. गुडघ्याजवळ मांडीच्या किंवा नडगीच्या टोकाला, नाहीतर मनगटात ती होते. गुडघा दुखतो म्हणून मलम लावतात, चोळतात, आणि एक दिवस हाड खचतं. पूर्वी ती नुसती खरवडत, आणि कित्येकांना ती पुन्हा होत असे. आता मोठी खिडकी पाडून आतला प्रत्येक कोपरा डोळ्यांनी पाहत, वेगाने फिरणाऱ्या ‘बर’ नावाच्या उपकरणाने भिंती घासल्या जातात, फिनॉल लावतात आणि पोकळी बोन सिमेंटने भरतात. सिमेंट लगेच भार घेतं आणि त्याच्या कडेला गाठ पुन्हा झाली तर फोटोत लवकर दिसते. यामुळे परत होण्याचं प्रमाण पुष्कळ घटलं आहे. डेनोसुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत 2013 मध्ये या गाठीसाठी मान्यता मिळाली. ज्यांची गाठ काढताच येत नाही त्यांना त्याचा मोठा आधार झाला. पण ते सर्रास देऊ नये. त्याने गाठीभोवती नवं हाड तयार होतं आणि खरवडताना त्याच्याआड पेशी लपून राहू शकतात. थोड्या रुग्णांत ही गाठ फुप्फुसातही जाते, म्हणून छातीचा फोटो हवा. आणि शस्त्रक्रिया झाली म्हणजे संपलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं तपासणी चुकवायची नाही.

गाठीसारखं दिसतं, पण गाठ नसतं

मारामुळे खरोखर नवं काही तयार होतं का? होतं; पण ती गाठ नव्हे. मांडीच्या किंवा कोपराच्या स्नायूला जबर मार बसला, आणि मग हाडवैद्याकडे नेऊन तो भाग तेल लावून जोराने चोळला, ओढला, तर स्नायूतच हाड तयार होतं. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. पहिल्या काही आठवड्यांत त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरसारखा दिसू शकतो, आणि एवढ्यावरून पाय गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. त्यात पिकलेलं हाड बाहेरच्या कडेला आणि कच्चं मध्यभागी असतं. कॅन्सरमध्ये याच्या उलट. चार-सहा आठवडे थांबून पुन्हा फोटो काढला की ही कड दिसते. इथे थांबणं हाच उपचार आहे. आणि माझी कळकळीची विनंती आहे, लहान मुलाच्या दुखऱ्या कोपराला कधीही मालिश करू नका.

जायंट सेल ट्यूमरसारखीच दिसणारी ‘ब्राउन ट्यूमर’ गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या विकाराने होते. रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासलं तर ते कळतं, आणि त्या ग्रंथीवर उपचार झाले की हाड भरून येतं. ही तपासणी न करता हाड खरवडणं हा रुग्णावर अन्याय आहे. आपल्याकडे क्षयरोगही हाडात गाठीचं सोंग घेतो. म्हणून गाठ समजून काढलेला तुकडा जंतूंसाठीही पाठवावा आणि पू समजून काढलेला तुकडा पेशींसाठीही.

तुकडा कोणी काढावा

‘गाठीला सुरी लावली की कॅन्सर होतो’ असं लोक म्हणतात. सुरीने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. पण चुकीच्या जागी, चुकीच्या हाताने घेतलेला तुकडा फार नुकसान करू शकतो, हे मात्र खरं आहे. बोस्टनचे हेन्री मँकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हाडांच्या आणि मऊ भागांच्या कॅन्सरच्या 329 रुग्णांच्या बायॉप्सी तपासल्या. 18.2 टक्के रुग्णांत निदानात मोठी चूक होती आणि 4.5 टक्के रुग्णांचा हात किंवा पाय विनाकारण कापावा लागला. जिथे पुढचे उपचार होणार नव्हते अशा ठिकाणी तुकडा घेतला गेला, तेव्हा अडचणी कित्येक पटींनी जास्त होत्या. 1996 मध्ये त्यांनी पुन्हा आकडे मांडले. चित्र फारसं बदललेलं नव्हतं.

यातून नियम सरळ निघतो. पुढची शस्त्रक्रिया जो करणार आहे, त्यानेच किंवा त्याच्या सल्ल्यानेच तुकडा घ्यावा, आणि तोही सगळे फोटो आणि एमआरआय झाल्यावर. फ्रॅक्चर झालेलं असेल तर विकृतिशास्त्रज्ञाला त्याची तारीख कळवावी, फोटो दाखवावा. कारण जुळत असलेल्या हाडातल्या कोवळ्या पेशी कॅन्सरसारख्या भासू शकतात. बंद पाकिटात तुकडा पाठवून उत्तराची वाट पाहणं म्हणजे त्या विकृतिशास्त्रज्ञाचे डोळे बांधण्यासारखं आहे.

एकत्र बसून निदान करण्याची परंपरा आपल्याकडेही रुजली आहे. 1941 मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी घेतली. शल्यविशारद, क्ष-किरणतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ यांनी एकाच फोटोसमोर बसून निर्णय घ्यायचा, हीच हाडाच्या गाठीच्या निदानाची रीत आहे. तालुक्याच्या डॉक्टरला आज मोबाइलवरून फोटो पाठवून असं मत त्याच दिवशी घेता येतं. हाड मोडलेलं असतानाही एखादा दिवस थांबता येतं. हात झोळीत ठेवावा, पाय पट्टीने स्थिर करावा, वेदनाशामक द्यावं. काय आहे हे न कळता हाडातून रॉड घालणं मात्र कधीही नको. आत कॅन्सर असेल तर त्या एका रॉडने तो हाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो, आणि वाचू शकणारा पाय कापावा लागतो.

श्रोतेहो, घरातल्या कुणालाही मार लागला आणि एक्स-रेत ‘काहीतरी’ दिसलं, तर घाबरू नका आणि घाईही करू नका. डॉक्टरांना विचारा: ही गाठ जुनी आहे का, तिचं नाव काय, आणि तिला हात लावायची गरज आहे का? पहिला फोटो जपून ठेवा. हलक्या धक्क्याने हाड मोडलं असेल तर ते आवर्जून सांगा. हाड जुळल्यावर पुन्हा एक फोटो काढून गाठीचं काय झालं ते पाहायला सांगा. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे, की प्रत्येक फ्रॅक्चरच्या फोटोत मोडलेल्या रेषेपलीकडचं हाडही बघा. आधी निदान, मग उपचार; हा क्रम आपण कोणत्याही दडपणाखाली मोडू नये.